उतरणावळ: ‘एल्डर स्क्रोल्स’च्या रचनाकारांना खुले पत्र

प्रति,
‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या सहाव्या भागाचे रचनाकार,
बेथेस्डा गेम स्टुडिओज.

सप्रेम नमस्कार.

२०१८ च्या जून महिन्यात आपण सहाव्या भागाची घोषणा केली, तेव्हा जेमतेम अर्ध्या मिनिटाचे एक दृश्य आम्हाला दाखवले होते. त्यात डोंगर होते, किनारा होता, वर ढग होते. माणूस नव्हता की जनावर नव्हते. तो मुलूख पाहून अनेकांना तिथे कोणती शहरे असतील, कोणती भुते असतील असे प्रश्न पडले. मला पडलेला प्रश्न त्या मानाने किरकोळ वाटेल: हा एवढा मुलूख आम्ही ओलांडायचा कसा, पायी की घोड्यावर?

हा प्रश्न मला नव्याने पडला तो माझ्या भाच्यामुळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आपल्या मालिकेचा पाचवा भाग, ‘स्कायरिम’, पहिल्यांदा खेळायला घेतला. त्यातल्या व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेरच्या तबेल्यापाशी पोचल्यावर त्याने मला हाक मारून विचारले, “मावशी, घोडा हजार नाण्यांना देतोय. घेऊ का?” मी पडद्याकडे न बघताच उत्तर दिले, “नको. पैसे साठव आणि आधी घर घे.” सल्ला बरोबरच होता. त्या शहरातले घर पाच हजारांना मिळते, आणि घर एकदा घेतले की हाती लागलेला सारा पसारा निर्धास्तपणे ठेवता येतो. पण नंतर मलाच ते उत्तर सलत राहिले. ज्या गेमला मी आयुष्यातले शेकडो तास दिले, ज्याच्या पाऊलवाटा मला आमच्या गल्लीइतक्या पाठ आहेत, त्यात घोडा घेऊ नकोस असे मी क्षणाचाही विचार न करता सांगते, याचा अर्थ घोडे कुठेतरी पेंड खाते आहे. ते नेमके कुठे, हे शोधावे म्हणून हा पत्रप्रपंच.

शोधण्यासाठी मी फार काही केले नाही. व्हाइटरनच्या तबेल्यातून घोडा विकत घेतला, नदीकाठच्या रस्त्याने रिव्हरवुड या खेड्यापर्यंत गेले, आणि ज्या ज्या वेळी खाली उतरावे लागले त्या त्या वेळी शेजारच्या कागदावर एक रेघ मारली. हा रस्ता आपल्या गेममधला सर्वांत ओळखीचा. जवळजवळ प्रत्येक खेळाडू सुरुवातीला तो उलट दिशेने चालून आलेला असतो. पहिली रेघ मधाची दारू गाळणाऱ्यांच्या घरापाशी पडली, कारण वाटेच्या कडेला निळी पर्वतफुले उमलली होती. उतरण्याचे बटण दाबले. स्वाराने पाय वळवला, तो जमिनीवर टेकला, मग कुठे माझा ताबा परत आला. दोन पावले जाऊन फूल खुडले. मागे वळले तर घोडा तोवर आपला थोडा पुढे जाऊन उभा. त्याच्या कुशीपाशी जाऊन पुन्हा बटण, पुन्हा पाय वळवणे, पुन्हा स्थिरस्थावर होणे. दहा पावलांवर आणखी एक फूल. मग लांडगे, मग मेलेल्या लांडग्यांची कातडी, मग एक फुलपाखरू, मग पुन्हा फूल. रिव्हरवुडची लाकडी कमान दिसली तेव्हा कागदावर अकरा रेघा होत्या. हेच सगळे चालत केले असते तर फुलांसाठी पाऊलसुद्धा थांबवावे लागले नसते.

मराठीत दळण्याच्या मजुरीला दळणावळ म्हणतात, दागिना घडवण्याच्या मजुरीला घडणावळ. त्याच चालीवर मी माझ्यापुरता एक शब्द केला आहे: उतरणावळ. घोड्यावरून एकदा खाली उतरून पुन्हा वर बसायला खेळाडूला जी किंमत मोजावी लागते, ती उतरणावळ. माझे म्हणणे असे आहे की ओपन वर्ल्ड, म्हणजे मुलूखभर मोकळे हिंडू देणाऱ्या, गेममध्ये घोडा वापरण्याजोगा आहे की नाही, हे तो किती वेगाने धावतो यावर ठरत नाही. उतरणावळ किती पडते आणि ती दर किती पावलांवर भरावी लागते, यावर ठरते. चर्चा नेहमी वेगाची होते. तबेल्यावर पाटी लावायचीच झाली तर ती उतरणावळीची लावावी.

आपल्या गेमला ही किंमत इतरांपेक्षा जास्त जाचते, आणि त्याचे कारण आपल्या चुकीपेक्षा आपल्या गुणात आहे. आपल्या जगात जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलता येते. प्रत्येक औषधी वनस्पतीला चार गुणधर्म आहेत आणि ते शोधायला ती हातात यावी लागते. खडकाच्या आडोशाला धातूची शीर दडलेली असते. ओढ्याच्या तळाशी कुणाचा तरी सांगाडा आणि त्याच्या उशाशी एक चिठ्ठी असते. ही सगळी श्रीमंती पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि पायी चालणाऱ्याच्या गतीने मांडलेली आहे. जग आपण पादचाऱ्यासाठी रचले आणि मग त्यात घोडा आणून बांधला. मग त्या घोड्याचा उपयोग उरतो तो हमालीपुरता: पाठीवर पेलवेनासे ओझे झाले की एरवी फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर ठिकाण निवडून थेट तिथे पोचणे, करता येत नाही, पण घोड्यावर बसले की करता येते, ही युक्ती जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे. हजार नाण्यांचे जनावर एका पळवाटेसाठी पाळायचे, हे त्या जनावरालाही शोभत नाही.

यावर उपाय अशक्य असता तर मी हे पत्र लिहिले नसते. २०२२ मध्ये आलेल्या ‘एल्डन रिंग’मध्ये टोरेंट नावाचे जे स्वारीचे जनावर आहे, त्याच्याकडे एकदा या नजरेने पाहावे. शिटी वाजवली की स्वार थेट खोगिरावर असतो. भरधाव जाताना वाटेतली झुडपे, फुले, खाली पडलेल्या वस्तू न थांबता उचलता येतात. तलवार तशीच चालते, आणि हवेत असतानाच दुसरी उडी मारता येते. उतरणावळ जवळजवळ शून्यावर आणली की काय होते ते तिथे दिसते. सरोवरातल्या त्या ड्रॅगनशी, अघीलशी, झुंजताना खेळाडू त्याच्याभोवती घिरट्या घालतो, पायावर एक वार करून दूर जातो, आग आली की दिशा बदलतो. घोडा आहे म्हणूनच ही झुंज अशी आहे. किल्ल्यांत आणि गुहांत मात्र तिथे टोरेंट येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या जागा पायी चालणाऱ्यासाठी बांधल्या आहेत. कुठे घोडा आणि कुठे पाय, याची सीमा रचनाकारांनी स्वतः आखली आहे. ती रेषा नंतर हललीही: २०२४ मधल्या एका सुधारणेनंतर मूळ गेमच्या अखेरच्या लढतीतही टोरेंटला बोलावता येऊ लागले.

आपणही या बाबतीत हलला नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मालिकेच्या चौथ्या भागात, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये, म्हणजे २००६ साली, घोड्यावरून शस्त्र चालवताच येत नसे, ‘स्कायरिम’ २०११ मध्ये आला तोही तसाच, आणि २०१२ मध्ये आपण एका सुधारणेतून तलवार आणि धनुष्य खोगिरावर दिले. मंत्र दिले नाहीत. फूल तर नाहीच. उरलेले काम शेवटी खेळाडूंनी केले. ‘कन्व्हिनियंट हॉर्सेस’ नावाच्या मॉडने, म्हणजे खेळाडूने स्वतः तयार केलेल्या जोडणीने, घोड्यावरून झाडपाला खुडण्याची, हाक मारताच घोडा येण्याची आणि सोबत्यांनाही घोडे मिळण्याची सोय करून दिली. लोक फावल्या वेळात, बिनपैशाने एखादी उणीव भरून काढतात, तेव्हा ती उणीव नेमकी कुठे होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि घोड्यांचा विषय निघाला की ते चिलखत आठवल्याशिवाय राहत नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये आपण ‘ऑब्लिव्हियन’च्या घोड्यासाठी अडीच डॉलरचे चिलखत विकायला काढले आणि जगभरातून त्यावर टीकेची झोड उठली. पुढे ती गोष्ट थट्टेचा विषय झाली, आणि २०२५ मध्ये त्या गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा महागड्या संचात आपण घोड्याचे चिलखत पुन्हा दिलेत, हसतहसत. मीही हसले. पण त्या प्रकरणात पैशांवरून इतका गदारोळ झाला की खरा मुद्दा मागेच राहिला. सजवायचे कशाला? ज्या जनावरावर बसून लढता येत नव्हते, काही उचलता येत नव्हते, आणि नकाशावर बोट ठेवून कोणत्याही मोठ्या शहराच्या वेशीशी पहिल्या दिवसापासून पोचता येत असल्यामुळे ज्याची दूरच्या प्रवासालाही गरज नव्हती, त्याला चिलखत चढवणे ही शब्दशः खोगीरभरती होती.

त्याच फास्ट ट्रॅव्हलबद्दल मात्र मला आपल्याला दोष देता येत नाही. मी नोकरी करते. रात्री जेवणे उरकल्यावर एखादा तास हाती लागतो. त्या तासात अर्धा वेळ रस्त्यात जावा असे मला वाटत नाही आणि मी नकाशावर बोट ठेवते, हे कबूल करते. आपल्याच ‘डॅगरफॉल’ने १९९६ साली या पेचातून एक देखणी वाट काढली होती. त्याचा मुलूख इतका अफाट की तो चालून ओलांडणे सहसा कुणाला परवडणारे नव्हते. त्यामुळे प्रवास नकाशावरूनच व्हायचा, पण जपून जायचे की बेफाम, सराईत उतरायचे की उघड्यावर, हे खेळाडूने ठरवायचे, आणि त्यावर लागणारे दिवस व पैसे बदलायचे. घोडा आणि गाडी दुकानात विकत मिळत. गाडीत लूट भरून ठेवता येई. फास्ट ट्रॅव्हल आणि घोडा एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, हे आपल्याला तेव्हाच कळले होते. मधल्या काळात ते बाजूला पडले. घोडा असेल तर नकाशावरचा प्रवास कमी दिवसांचा व्हावा, वाटेत गाठणाऱ्या संकटांतून निसटण्याची संधी जास्त मिळावी, एवढे जरी केले तरी माझ्यासारख्या तासाभराच्या खेळाडूच्या तबेल्यातही घोडा राहील.

दुसरा पेच घोड्याच्या मरणाचा. मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन प्रकार होते हे आमच्याकडे शाळेतली मुलेही सांगतील: बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळण्याची आशा; शिलेदाराचे मात्र भांडवलच बुडाले. गेमांतले स्वारही याच दोन जातींचे असतात. टोरेंटचा स्वार बारगीर आहे: जनावर पडले तर औषधाच्या कुपीतला एक घोट खर्च करून ते परत उभे राहते. ‘स्कायरिम’चा स्वार शिलेदार आहे: घोडा मेला की हजार नाणी गेली, आणि तो मरतोही कसा, तर मी ड्रॅगनपासून दूर राहण्यासाठी उतरून आडोसा शोधत असताना तो स्वतःहून त्या ड्रॅगनवर चालून जातो म्हणून. शिलेदाराचा धोका आणि बारगिराची बेफिकिरी यांची ही गाठ मला कधीच उमगली नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नेही घोडा मरू दिला, पण त्यात आधी त्याच्याशी नाते जोडायला लावले: दबकत मागून जायचे, पाठीवर झेप घ्यायची, तो उधळला की थोपटत राहायचे, ठिपक्यांचा लवकर वळतो आणि एकरंगी हट्टी पण दमदार निघतो हे अनुभवाने शिकायचे, आणि मग त्याला तबेल्यापर्यंत नेऊन त्याची नोंद करायची. एवढे केल्यावर घोडा गेला तर चुटपुट लागते. तबेलेवाल्याला पैसे मोजून घेतलेल्या घोड्याच्या मरणाने फक्त हिशेब बिघडतो.

या नात्यासाठी घोड्याला थोडी स्वतःची बुद्धी असावी लागते. लहानपणी मी माथेरानला घोड्यावर बसले होते. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे लाल मातीच्या वाटेने पायी किंवा घोड्यावरून जायचे. मी लगाम दोन्ही हातांनी करकचून धरला होता आणि माझे सारे लक्ष घोड्याच्या दोन कानांमधल्या वाटेवर होते. बरोबरचा घोडेवाला म्हणाला, “ताई, लगाम सैल सोडा, त्याला वाट पाठ आहे.” मी सोडला. मग मला पहिल्यांदा झाडी दिसली, माकडे दिसली, आणि वळणावर झाडांच्या फटीतून खालची दरी दिसली. ‘द विचर ३’मध्ये, २०१५ साली, रोच नावाच्या घोडीने मला ते पुन्हा दिले: एक बटण धरून ठेवले की ती रस्त्याची वळणे आपली आपण घेते, रस्त्यावर असेपर्यंत दमत नाही, आणि माझे डोळे मोकळे होतात. ती भलत्या ठिकाणी अडकते, एखाद्या घराच्या छपरावर उभी सापडते, त्यावरून जगभर विनोद झाले. पण खोगिराच्या पिशव्या बदलल्या की तिच्यावर जास्त ओझे लादता येते, डोळ्यांना झापडे लावली की राक्षस पाहून ती लवकर बिथरत नाही, आणि एवढ्या साध्या गोष्टींनी ती तरतूद न राहता सोबतीण होते. त्याही आधी, २००५ मध्ये, ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मधला अ‍ॅग्रो हा घोडा खेळाडूच्या बोटांचे तंतोतंत ऐकत नसे, स्वार इशारा देई आणि घोडा तो आपल्या परीने पाळे. अनेकांना त्याचा राग आला. मला त्यात घोडा दिसला.

सोबतीवरून आणखी एक तक्रार करते, जी केवळ आपल्याबद्दलची नाही. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये सोबत्यांच्या आपसांतल्या गप्पा हा प्रवासाचा अर्धा आनंद होता, आणि घोड्यावर बसले की सोबती दिसेनासे होत आणि गप्पा थांबत. शिवाय त्यातली घोड्याची दौड प्रत्यक्षात वाढीव वेगाची नव्हतीच, पडद्यावर वाऱ्याच्या रेघा काढून तसा भास निर्माण केला होता, हे ती गेम घडवणाऱ्यांनीच पुढे सांगितले. म्हणजे गप्पा गेल्या आणि बदल्यात दौडीचा वेगही मिळाला नाही. ‘स्कायरिम’मध्ये निदान लिडिया ही माझी सोबतीण नाहीशी होत नाही, ती जड चिलखत घालून, माझे अर्धे सामान पाठीवर घेऊन, घोड्यामागून धावत येते. दर वेळी मागे वळून पाहिले की मला लाज वाटते. तिला घोडा द्यावा.

यावर कुणी म्हणेल की एवढ्या अडचणी असतील तर घोडाच नको. हा पर्याय मला हलका वाटत नाही. आपल्याच ‘मॉरोविंड’मध्ये, २००२ साली, घोडे नव्हते, गावाबाहेर उंच फळीवर सिल्ट स्ट्रायडर नावाचा घराएवढा किडा उभा असे, त्याच्या चालकाला पैसे द्यायचे आणि ठरावीक गावीच उतरायचे, एस.टी.च्या थांब्यासारखे. तिथून पुढे पायी. त्या बेटाचा भूगोल मला आजही तोंडपाठ आहे आणि ‘ऑब्लिव्हियन’मधल्या सायरोडिल या मुलखाचा नाही, याचे कारण उघड आहे. २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’नेही हीच वाट धरली: स्वारीचे जनावर नाही, बैलगाड्या ठराविक मार्गांवर, आणि त्यांवरही वाटेत धाड पडणार. त्या गेमच्या दिग्दर्शकांनी प्रवास कंटाळवाणा होतो तो गेमच कंटाळवाणा असल्यामुळे, अशा अर्थाचे विधान केले होते. मला ते निम्मे पटते. पायी चालण्याजोगे जग रचता येत असेल तर खुशाल घोडा काढून टाकावा. मी रडणार नाही. पण ठेवायचा असेल तर त्याने जगाचे काहीतरी उघडून द्यावे. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये २०१२ पासून पाच वर्षे माउंट, म्हणजे स्वारीचे जनावर, नव्हतेच, आणि २०१७ मध्ये आले तेव्हा प्रत्येकाचे काम निराळे होते: एक दरीवरून लांब झेप घेतो, एक कड्यावर उंच उडी मारतो, एक पाण्यावरून तरंगत जातो. ‘स्कायरिम’चा घोडाही उभ्या कड्यावर चढतो, पण ते अपघाताने, आणि आपण ते कधी मान्य केले नाही. मी आपल्या जागी असते तर मान्य केले असते. हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठाच्या हजारो पायऱ्या सोडून बर्फाच्या भिंतीवरून तिरका चढणारा तो घोडा हे आपल्या मालिकेतले सर्वांत लाडके दृश्य आहे.

एक गोष्ट मात्र कृपया करू नये. आपल्या भावंड-संस्थेच्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये घोड्याचा वेग, दम आणि ओझे वाहण्याची ताकद यांपैकी एकच गोष्ट दर वीस तासांनी एक पायरी वाढवता येते, तिन्हींच्या साठ-साठ पायऱ्या आहेत, म्हणजे रोज एकदा, एकही दिवस न चुकवता, सलग एकशे ऐंशी दिवस तबेल्यात हजेरी लावायची, नाहीतर दुकानातून पायऱ्या विकत घ्यायच्या. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे येऊ नये. घोडा संथ असेल तर तो संथ असू द्यावा. त्याला मुद्दाम लंगडा करून औषध विकू नये.

बाकी मागण्या मी वर सांगितल्याच आहेत आणि त्यांतली एकही नवी नाही. वेगवेगळ्या गेमांत त्या कुणी ना कुणी पुऱ्या केल्या आहेत. त्या सगळ्या एकदम पुऱ्या होतील अशी अपेक्षा नाही. पण नव्या भागातल्या पहिल्या तबेल्यापाशी माझा भाचा मला पुन्हा हाक मारील, आणि त्या वेळी मी उत्तर देण्याआधी पडद्याकडे बघेन. रस्त्याच्या कडेला कसलेसे फूल असेलच. ते खोगिरावरून, चालत्या घोड्याला न थांबवता खुडता आले, तर घर मागाहून घे असे त्याला सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
व्हाइटरनच्या वेशीबाहेर उभी असलेली एक पादचारी